नकाशा कुणाच्या नावावर?

आर्कमॅप या सॉफ्टवेअरला १ मार्च २०२६ पर्यंतच आधार मिळेल, हे एस्री कंपनीने काही वर्षे आधीच सांगून ठेवले होते. जवळजवळ पाव शतक जगभरच्या नकाशाकारांचा हात या सॉफ्टवेअरवर बसला. आपल्याकडच्या भूगोल विभागांत, पाणलोटाची कामे करणाऱ्या संस्थांत, लहानसहान सर्वेक्षण कार्यालयांत अनेकांनी आयुष्यातला पहिला डिजिटल नकाशा काढला तो त्यातच. ज्यांनी कायमचा परवाना घेतला आहे त्यांचे काम त्या तारखेने बंद पडत नाही. पण दुरुस्त्या येणे थांबते, नव्या विंडोजशी जुळवून घेणे थांबते, आणि संगणक तर केव्हातरी बदलावा लागतोच. मग जुने काढायचे, नवे बसवायचे, परवाना एका यंत्रावरून दुसऱ्यावर न्यायचा हे काम पुढ्यात येते.

हे काम आपण बहुधा दुसऱ्यावर सोपवतो. संगणक दुरुस्त करणारा येतो, ‘सी ड्राइव्हला महत्त्वाचं काही नाही ना?’ म्हणून विचारतो, आपण मान हलवतो आणि तो फॉरमॅट मारतो. मी जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे करण्याचे तंत्र, शिकवते. मुलांना मी सांगते की त्या प्रश्नाला घाईने उत्तर देऊ नका. ज्याने नकाशा केला त्यानेच त्या दिवशी संगणकाशेजारी बसावे. आपल्या नकाशातले सॉफ्टवेअरचे किती आणि आपले किती, हे एरवी वर्षानुवर्षे लक्षात येत नाही. ते त्या दिवशी कळते.

आर्कमॅपमध्ये आपण काम जतन करतो ती एमएक्सडी फाइल. मुलांना वाटते, नकाशा म्हणजे ती फाइल. ती पेनड्राइव्हवर घेतली की काम सुटले. पण त्या फाइलीत जमीन नसते. ओढे, विहिरी, गटांच्या हद्दी यांतले काहीच नसते. कोणता थर कुठल्या फोल्डरमधून आणायचा, ओढ्याला कोणता निळा द्यायचा, गावाचे नाव केवढ्या अक्षरांत लिहायचे, एवढ्याच सूचना तिच्यात असतात. फोल्डरची जागा बदलली की थरांच्या नावांपुढे लाल उद्गारचिन्हे उभी राहतात आणि पडदा कोरा. क्यूजीआयएस या नकाशाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरचेही मुळात असेच आहे. त्याची प्रकल्पफाइलसुद्धा दुसरीकडच्या माहितीकडे बोट दाखवते. मला ही रचना चुकीची वाटत नाही. मोजलेली जमीन एका जागी आणि ती दाखवण्याची रीत दुसऱ्या जागी असणे योग्यच आहे. एकाच विहिरींच्या थरावरून एक नकाशा पिण्याच्या पाण्याचा होतो, दुसरा सिंचनाचा. मात्र हा भेद ज्याला ठाऊक नाही, तो रीत जपतो आणि जमीन गमावतो.

याच्या उलटही घडते, आणि तिथे नुकसान अधिक खोल असते. सॉफ्टवेअर काढले तरी त्याचा एक भाग मागे राहतो. आर्कमॅप बिघडले, उघडताना बंद पडू लागले, की लोक ते काढून पुन्हा बसवतात आणि बिघाड तसाच राहतो. कारण तो बहुधा वापरकर्त्याच्या लपलेल्या फोल्डरमधल्या ‘नॉर्मल’ नावाच्या साच्याच्या फाइलीत असतो, आणि सॉफ्टवेअर काढताना त्या फोल्डरला हात लागत नाही. तिचे नाव बदलले की सॉफ्टवेअर उघडताना नवी फाइल तयार करते आणि काम सुरू होते. क्यूजीआयएसमध्येही वापरकर्त्याच्या नावे ‘प्रोफाइल’ असते. जोडलेली प्लगिन, सवयीची साधने, आपण ठरवलेली चिन्हे सगळी त्यात जातात. सॉफ्टवेअर दहा वेळा काढा, प्रोफाइल तिथेच असते. विंडोजचा सी ड्राइव्ह पुसला की मात्र तेही जाते.

आणि त्या फोल्डरमध्ये फक्त सवयी नसतात. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीट पृथ्वीच्या आकाराचे जे मोजमाप धरून काढल्या आहेत, ते जॉर्ज एव्हरेस्टचे, १८३० सालचे. आपल्या हातातला जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ या जागतिक मोजमापावर चालतो. जुनी टोपोशीट स्कॅन करून तिच्यावर जीपीएसने घेतलेल्या विहिरी ठेवल्या, तर विहिरी सरकतात. एखादी शेजारच्या गटात जाते, एखादी ओढ्याच्या पलीकडे उगवते. दोन्ही जुळवणारे रूपांतराचे आकडे असतात. पण आकड्यांच्या एकाच संचाने सगळ्या देशाचे काम चोख होत नाही, म्हणून माणसे आपल्या भागापुरते ते तपासून घेतात. डोंगरावरचे देऊळ, तीन गावांच्या शिवा मिळतात तो दगड, जुना पूल, अशा दोन्हीकडे सापडणाऱ्या जागा धरून उन्हातान्हात फिरतात आणि आकडे पक्के करतात. मग ते सॉफ्टवेअरमध्ये ‘आपले रूपांतर’ म्हणून एकदा भरले जातात आणि पुढे कुणाला त्यांची आठवण राहत नाही. आर्कमॅप ते वापरकर्त्याच्या त्याच लपलेल्या फोल्डरमध्ये ठेवते. क्यूजीआयएसमध्ये आपण तयार केलेली निर्देशांक-पद्धतही प्रोफाइलमधल्या छोट्या डेटाबेसात जाते. फाइल काही केबींची. कित्येक दिवसांची पायपीट तिच्यात असते, आणि बॅकअप घेताना ती कुणी घेत नाही, कारण ती ‘डेटा’ नावाच्या फोल्डरात नसते.

मराठी नावांची कथा याहून बिकट. शेपफाइल ही नकाशाच्या जगातली सर्वांत ओळखीची फाइल. एका नावाच्या निदान तीन फाइली असल्याशिवाय ती उघडत नाही: एकीत आकार, दुसरीत त्यांची अनुक्रमणी, तिसरीत तक्ता. हा तक्ता डीबेस या जुन्या डेटाबेसच्या रचनेचा. त्यात रकान्याच्या नावाला दहाच बाइटांची जागा. युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत देवनागरीतले प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक काना-मात्रा तीन बाइट घेते. म्हणजे ‘गाव’ मावते, ‘ओढा’ मावतो, ‘विहीर’ मावत नाही. म्हणून आपल्या तक्त्यांचे रकाने इंग्रजी आद्याक्षरांत असतात आणि त्यांचा अर्थ ज्याने ते केले त्याच्याच डोक्यात असतो. आतली नावे मराठीत लिहिली, तर ती कोणत्या पद्धतीने साठवली आहेत हे सांगणारी सीपीजी नावाची चिमुकली फाइल सोबत लागते. तीन फाइली नेल्या आणि ही राहिली, की नव्या संगणकावर म्हसवड आणि मलवडी ही नावे वाचता येईनाशी होतात, त्यांच्या जागी निरर्थक चिन्हांचा कचरा दिसतो. युनिकोडच्या आधीच्या काळातले नकाशे तर एकेका मराठी फॉन्टवर उभे आहेत. तिथे तक्त्यात असतात इंग्रजी कळांची अक्षरे आणि फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. तो फॉन्ट नव्या यंत्रावर नसेल, तर गावाचे नाव नुसते कुरूप दिसते असे नाही. ते उरतच नाही. नाव गेले की त्या बिंदूला पुन्हा नाव देऊ शकणारा माणूस शोधावा लागतो, आणि तो गावात असेलच असे नाही.

आता परवान्याकडे येते. जुन्या काळी तो हातात धरता येत असे. संगणकाच्या मागे, प्रिंटरच्या खाचेत एक डोंगल लावलेला असे; तो असेल तरच सॉफ्टवेअर उघडणार. पुढे परवाना एका यंत्राशी बांधला जाऊ लागला. संगणक बदलायचा तर आधी जुन्या यंत्रावरून परवाना परत करायचा, मग नव्यावर घ्यायचा. हा परत करण्याचा टप्पा फॉरमॅटच्या आधी व्हावा लागतो. तो राहिला तर परवाना पुसलेल्या यंत्राच्या नावावर अडकतो आणि तो सोडवायला ग्राहकसेवेकडे पत्रव्यवहार. मोठ्या संस्थांत परवाने सर्व्हरवर असतात आणि मोकळा असेल तो मिळतो. शेतावर, डोंगरात, जिथे नेटवर्क नाही तिथे जायचे तर काही दिवसांसाठी परवाना उसना घेऊन लॅपटॉपवर नेता येतो. आणि २०१५ मध्ये आलेल्या आर्कजीआयएस प्रो या एस्रीच्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये सर्वसाधारणपणे परवाना यंत्राशी बांधलेला नसून माणसाच्या नावावर असतो. खात्यात प्रवेश करायचा आणि काम करायचे.

कंपनीने पैसे घ्यावेत यात मला गैर वाटत नाही. एस्री १९६९ पासून हेच काम करते आहे. शेपफाइलची रचना तिने १९९८ मध्ये सगळ्यांसाठी छापून जाहीर केली, म्हणून तर ती आज कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडते. हे मोठे देणे आहे. सशुल्क सॉफ्टवेअरबरोबर प्रशिक्षण येते, अडल्यावर विचारायला माणूस मिळतो. माझी काळजी वेगळी आहे. पाण्याचे, जंगलाचे, रोगराईचे काम करणाऱ्या आपल्या संस्था प्रकल्पांवर चालतात. प्रकल्प तीन वर्षांचा, निधी तीन वर्षांचा, परवानाही तेवढाच. गाव मात्र त्या तीन वर्षांनंतरही असते. परवाना संपतो त्या दिवशी, तीन उन्हाळे विहिरींची पातळी मोजलेला नकाशा संगणकात असतो आणि उघडत नाही. ज्या शेतकऱ्यांनी आपल्या विहिरीत टेप सोडू दिली, त्यांना याची गंधवार्ताही नसते.

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी, कारण ती सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी बोलत नाही. आपल्या कितीतरी विद्यार्थ्यांनी जीआयएस शिकले ते चोरून मोकळ्या केलेल्या प्रतींवर. क्रॅक केलेली प्रत पेनड्राइव्हवरून वसतिगृहभर फिरते. तिच्यासोबत काय काय संगणकात शिरते हा एक भाग झाला. त्याहून वाईट म्हणजे मुलगा दोन वर्षे एका हत्याराची सवय लावून घेतो आणि पदवी घेऊन बाहेर पडतो तेव्हा ते हत्यार कायदेशीरपणे वापरायची त्याची ऐपत नसते. तालुक्याच्या गावी स्वतःचे छोटे सर्वेक्षण कार्यालय काढायचे स्वप्न तिथेच अडते. शिक्षक म्हणून आपण त्याला काय दिले, हा प्रश्न मला छळतो.

म्हणून माझा ओढा क्यूजीआयएसकडे आहे आणि तो मी लपवत नाही. गॅरी शर्मन या अलास्कातल्या माणसाने ते २००२ मध्ये सुरू केले. आज जगभरातले लोक मिळून ते लिहितात. कुणीही घ्यावे, वापरावे, वाटावे, आतून बदलावे, अशी त्याच्या परवान्याची अटच आहे. हाही परवानाच, फक्त तो यंत्र मोजत नाही. पुन्हा बसवताना कुणाला विचारावे लागत नाही. नवी आवृत्ती घेताना जुनी काढायचीही गरज नाही; दोन्ही शेजारी शेजारी राहतात. कामाच्या संगणकावर दीर्घकाळ जपली जाणारी आवृत्ती घ्यावी, हा सल्ला मी सगळ्यांना देते. पण या घरातही पडझड होते. २०१८ च्या फेब्रुवारीत तिसरी आवृत्ती आली तेव्हा पाया बदलला, जुनी प्लगिने चालेनाशी झाली. ज्यांच्या लेखकांनी ती नव्याने लिहिली ती जगली, बाकीची गेली. तिथे नुकसान भरून निघण्याचा मार्ग मात्र उघडा राहतो. क्यूजीआयएसची प्रकल्पफाइल साध्या मजकुराच्या स्वरूपात असते. ती गुंडाळलेली असली तरी उलगडून नोटपॅडमध्ये वाचता येते: थराचे नाव, रंग, फोल्डरचा पत्ता. एमएक्सडी तशी वाचता येत नाही. आर्कजीआयएस प्रो ती आयात करून घेते, क्यूजीआयएस आपणहून उघडत नाही.

यातून कामाचा क्रम ठरतो. जुने सॉफ्टवेअर चालू आहे तोवरच त्याच्याकडून आपले ते मागून घ्यायचे. आर्कमॅपच्या काळात अनेकांनी आपली माहिती ‘पर्सनल जिओडेटाबेस’मध्ये ठेवली, ती ॲक्सेसची एमडीबी फाइल असते. तिला दोन जीबींची मर्यादा होती, पण सगळे थर एकाच फाइलीत म्हणून ती सोयीची वाटे. आर्कजीआयएस प्रो ही फाइल थेट उघडत नाही. म्हणजे त्याच कंपनीच्या नव्या सॉफ्टवेअरला जुन्या घरातली पेटी उघडता येत नाही, आणि ती सहज उघडणारे जुने सॉफ्टवेअर आपण आधीच काढून टाकलेले असते. म्हणून आधी माहिती बाहेर काढायची. मी ती जिओपॅकेजमध्ये आणते. सगळे थर, सगळे तक्ते एकाच फाइलीत. रकान्याला ‘विहिरीची खोली’ असे पूर्ण मराठी नाव देता येते. रचना खुली, जाहीर केलेली. मग लपलेल्या फोल्डरमधले रूपांतराचे आकडे, चिन्हे, साचे घ्यायचे. मग परवाना परत करायचा. काढून टाकणे सगळ्यांत शेवटी.

एक गोष्ट या विषयापासून दूरची वाटेल, पण मला ती जवळची वाटते. आपल्या देशात सॉफ्टवेअरचाच नव्हे, नकाशा काढण्याचाही परवाना लागत असे. किनारपट्टीच्या, सीमेच्या टोपोशीट सामान्य माणसाला मिळत नसत. नेमकी मोजणी करायला, ती छापायला परवानग्या लागत. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरी आणि संरक्षण अशा दोन मालिका वेगळ्या केल्या. १५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने नवी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि भारतीय व्यक्ती-संस्थांवरचे पूर्वपरवानगीचे ओझे बरेचसे उतरले. दरम्यान गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला होता. त्यानंतर किती तरी ग्रामसभांनी आपल्या जंगलाच्या हद्दी चालत मोजल्या, हातात जीपीएस घेऊन, सोबत जुन्याजाणत्यांना घेऊन. कायद्याने त्यांची हद्द मान्य केली. उद्या ग्रामसभेला तीच हद्द संगणकावर पाहायची असेल आणि त्यासाठी शहरातल्या एका संस्थेचा संपलेला परवाना आडवा येत असेल, तर ते मला अन्यायाचे वाटते. शासनाच्या किंवा देणगीदारांच्या पैशातून होणाऱ्या प्रत्येक नकाशाच्या करारात एक कलम असावे: कामाच्या शेवटी सगळी माहिती खुल्या स्वरूपात गावाच्या हाती द्यायची, आणि ती उघडते हे गावातल्या संगणकावर दाखवायचे. कागदावर छापलेला रंगीत नकाशा दिला म्हणजे हे काम झाले असे धरू नये.

माझ्या हातात असलेली जागा लहान आहे, प्रयोगशाळेपुरती. तिथे मी मुलांना प्रत्येक नकाशासोबत साध्या मजकुराची एक फाइल लिहायला लावते, मराठीत. मोजणी कुणी केली, कोणत्या महिन्यात, पावसाआधी की नंतर, कोणते यंत्र, टोपोशीट कोणती, कोणत्या सालची, एव्हरेस्टवरून जागतिक मोजमापावर येताना कोणते आकडे वापरले आणि ते कोणत्या जागांवर तपासले, रकान्यांच्या आद्याक्षरांचा अर्थ काय. हे लिहायला मुले कुरकुरतात, कारण तेवढ्या वेळात आणखी एक थर रंगवून होतो. या वर्षापासून प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत मी एक काम वाढवले आहे. नकाशा ज्या सॉफ्टवेअरमध्ये केला ते नसलेल्या दुसऱ्या संगणकावर तो उघडायचा आणि त्यावरची पाच गावांची नावे मोठ्याने वाचायची. ज्यांचा उघडत नाही त्यांनी बहुधा सोबतची एखादी छोटी फाइल मागे ठेवलेली असते. ती घेऊन त्यांनी पुढच्या आठवड्यात पुन्हा यायचे.